काष्ठोपजीवी अळंबी

काष्ठोपजीवी अळंबी : मृत किंवा कुजणाऱ्या लाकडावर उपजीविका करणाऱ्या व साध्या डोळ्यांनी दिसतील एवढे मोठे फलकाय (बीजुके निर्माण करणारे अवयव) धारण करणाऱ्या कवकांचा (हरितद्रव्यरहित, बुरशीसारख्या सजीवांचा) समूह. हा वर्गीकरणातील नैसर्गिक गट नसून समान अधिवास व समान अन्न यांवरून केलेली सोयीची जुळणी आहे. यांतील बहुसंख्य जाती गदाकवकांत व थोड्या धानीकवकांत मोडतात. पावसाळ्यात उन्मळून पडलेले वृक्ष, तोडलेल्या झाडांचे बुंधे, कुंपणाचे खांब, रचून ठेवलेला जळाऊ लाकूडफाटा, गळक्या घरांचे वासे अशा अनेक ठिकाणी त्यांचे फलकाय उगवतात व त्यांत छत्री, पंखा, कान, पेला, बोट, शिंपला असे नाना आकार आढळतात. मराठीत छत्रीसारख्या मऊ प्रकारांना अळंबी, भूछत्रे, कुत्र्याच्या छत्र्या अशी नावे आहेत. खोडाला फळीसारख्या चिकटलेल्या कठीण प्रकारांपैकी काहींना कोकणात व सह्याद्रीच्या परिसरात ‘फणसांबा’ म्हणतात. जमिनीतून वर आल्यासारखी दिसणारी पुष्कळ अळंबीही वस्तुतः मातीखाली गाडलेल्या मुळांवर किंवा लाकडाच्या तुकड्यांवर वाढलेली असतात.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विचार करताना अळंब्यांचे प्रकार ती कशावर उगवतात त्यावरून सांगितले आहेत : भाताचा पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन. रंग वा आकार ही सहज डोळ्यांत भरणारी लक्षणे बाजूला ठेवून आधारद्रव्य ही कसोटी धरणे लक्षणीय आहे. कारण आजचा परिस्थितिवैज्ञानिकही अळंब्यांविषयी पहिला प्रश्न हाच विचारतो. चरकसंहितेत सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती शीत, मधुर, पचावयास जड व पडसे आणणाऱ्या म्हटल्या आहेत. मनुस्मृतीने लसूण व कांदा यांच्याबरोबरच ‘कवक’ द्विजांना निषिद्ध मानले. जो शब्द तेथे केवळ अळंब्यांसाठी होता, तोच आज मराठी शास्त्रीय परिभाषेत बुरशी, तांबेरा, किण्व इत्यादींसह सर्व समूहाला लावला जातो.

कुजण्याचे कारण : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपातील वनविद्येच्या जाणकारांची अशी समजूत होती, की लाकूड आपोआप सडते आणि अळंबी ही त्या सडण्याची निष्पत्ती होय. थिओडोर हार्टिख या जर्मन वनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये सडक्या लाकडातील सूक्ष्म तंतू पाहिले होते. पण ते लाकडाच्याच घटकांपासून उत्पन्न होतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांचे पुत्र रॉबर्ट हार्टिख (१८३९–१९०१) यांनी १८७४ व १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा क्रम उलटा केला. खोडावर बाहेर दिसणारा फलकाय आणि आतील लाकडात पसरलेले तंतू हे एकाच कवकाचे भाग असून ते कवकच लाकूड कुजवते, तसेच निरनिराळी कवके निरनिराळ्या प्रकारची कूज निर्माण करतात, हे त्यांनी दाखवून दिले. वडिलांच्या निरीक्षणात चूक नव्हती, चूक होती ती अन्वयार्थात. या फरकाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. सडणे हा लाकडाचा अंगभूत धर्म असेल, तर त्यावर इलाज नाही. परंतु ते एखाद्या सजीवाचे कार्य असेल, तर त्या सजीवाचे पाणी, हवा किंवा अन्न तोडून ते थांबवता येते. आधुनिक वनरोगविज्ञान व लाकूड टिकविण्याची तंत्रे या विचारावर उभी आहेत.

रचना व प्रजोत्पादन : डोळ्यांना दिसणारे अळंबे हा कवकाचा अल्पकाळ टिकणारा प्रजोत्पादक भाग होय. त्याचे खरे शरीर म्हणजे लाकडाच्या आत महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे वाढत असलेले कवकजाल होय. त्यातील तंतूंची जाडी सामान्यतः २ ते १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. पुरेसे अन्न साठल्यावर व हवामान अनुकूल झाल्यावर तंतू एकत्र गुंफले जाऊन अळंब्याची सूक्ष्म कळी तयार होते. पाऊस पडताच या कळीतील आधीच तयार असलेल्या कोशिका पाणी शोषून फुगतात. त्यामुळे अळंबे रातोरात उगवल्यासारखे वाटते.

छत्रीच्या खालच्या बाजूस बीजुके निर्माण करणारा थर असतो. तो काही जातींत पातळ पाळ्यांवर, काहींत बारीक नळ्यांच्या आतील बाजूस, तर काहींत दातांसारख्या उंचवट्यांवर पसरलेला असतो. नळ्यांची तोंडे छिद्रांसारखी दिसतात म्हणून अशा प्रकारांना छिद्रकवके म्हणतात. लाकडावरील फळीसारख्या कठीण अळंब्यांपैकी बहुतेक या प्रकारची आहेत. काहींचे फलकाय अनेक वर्षे जगतात व दरवर्षी त्यांवर नवा थर चढतो. बीजुके सरळ खाली पडण्यासाठी नळ्या उभ्या राहणे आवश्यक असते. त्यामुळे असा फलकाय धारण करणारा वृक्ष कोसळला, तर नंतरची वाढ जुन्या वाढीशी काटकोन करून होते. अशा ओंडक्यावरील फलकायाकडे पाहून त्याची किती वाढ वृक्ष उभा असताना झाली व किती तो पडल्यावर झाली, ते जाणकाराला सांगता येते.

गदाकवकांत प्रत्येक गदेच्या (गदेच्या आकाराच्या कोशिकेच्या) टोकावर बहुधा चार बीजुके असतात. त्यांची एकूण संख्या कल्पनेपलीकडची असते. गॅनोडर्मा ॲप्लॅनेटम या जातीचा एक मोठा फलकाय दिवसाला सु. ३,००० कोटी बीजुके बाहेर टाकतो व हे सु. सहा महिने चालू राहते, असा अंदाज आहे. यांतील एखादेच बीजुक योग्य लाकडावर पोहोचून रुजते. घरट्यातील अंड्यांप्रमाणे दिसणाऱ्या सायाथस प्रजातीची युक्ती निराळी आहे. तिच्या ५ ते १० मिमी. रुंदीच्या पेल्यात पावसाचा टपोरा थेंब पडला, की आतील बीजुकांनी भरलेल्या गोळ्या उसळून जवळपास एक मीटर अंतरावर जाऊन पडतात.

लाकडाचे विघटन : लाकूड मुख्यत्वे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे बनलेले असते. सेल्युलोजाच्या लांब साखळ्या लाकडाला ताण सहन करण्याची शक्ती देतात, तर लिग्निन त्यांना जखडून ठेवून काठिण्य देते. लिग्निनाच्या रेणूत ठरावीक पुनरावृत्ती नसल्याने ते पचविणे बहुतेक सजीवांना अशक्य असते. काष्ठोपजीवी कवके मात्र शरीराबाहेर एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) सोडून लाकूड आधी विरघळवतात व मग शोषून घेतात. थोडक्यात, त्यांचे पचन प्रथम होते व ग्रहण नंतर.

कुजण्याचे तीन प्रकार मानले जातात. श्वेत कूज करणारी कवके लिग्निनासह सर्व घटक खातात व उरलेले लाकूड पांढुरके, तंतुमय व ओलसर होते. ट्रॅमेटीस व्हर्सिकलर, धिंगरी (प्लूरोटस) व गॅनोडर्मा ही याची उदाहरणे होत. तपकिरी कूज करणारी कवके सेल्युलोज संपवतात व लिग्निन थोड्याफार बदलाने मागे ठेवतात. असे लाकूड तपकिरी होऊन त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात व त्याचे चौकोनी तुकडे बोटांनी चुरडता येतात. ही कवके प्रथम एंझाइमे न वापरता लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या विक्रियेतून निर्माण होणाऱ्या अत्यंत क्रियाशील मूलकांनी सेल्युलोजाच्या साखळ्या तोडतात. त्यामुळे लाकडाचे वजन फारसे घटण्यापूर्वीच त्याची ताकद निघून जाते. घरबांधणीच्या दृष्टीने हीच कूज सर्वांत घातक असते. तिसरी मृदू कूज प्रामुख्याने धानीकवकांमुळे अतिशय ओल्या लाकडात होते.

लिग्निनाचे विघटन करणारे पेरॉक्सिडेज हे एंझाइम १९८३ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या कवकात सापडले. २०१२ मध्ये अनेक कवकांच्या जनुकसंचांची तुलना करून अशी एंझाइमे असणारा त्यांचा पूर्वज सु. २९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे दगडी कोळशाचे प्रचंड साठे निर्माण होण्याच्या कार्‌बॉनिफेरस काळाच्या अखेरीस होऊन गेला असावा, असे अनुमान करण्यात आले. लाकूड कुजविणारे कोणी नव्हते म्हणून कोळसा साठला आणि ही कवके आली तेव्हा तो साठणे मंदावले, अशी आकर्षक उपपत्ती त्यावरून पुढे आली. २०१६ मध्ये मात्र भूवैज्ञानिक पुराव्यांच्या आधारे तिला हरकत घेण्यात आली. त्या काळच्या दलदली व भूकवचाच्या हालचाली हीच कोळसानिर्मितीची पुरेशी कारणे होत, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. उपपत्ती सुटसुटीत आहे खरी, पण ती सिद्ध झालेली नाही.

लाकडात कार्बन विपुल असला, तरी नायट्रोजन अत्यल्प असतो; दोहोंचे प्रमाण कित्येकदा ३०० ते १,००० भाग कार्बनास १ भाग नायट्रोजन असे असते. ही उणीव भरून काढण्याचा एक विलक्षण मार्ग १९८४ मध्ये उजेडात आला. धिंगरीचे तंतू विषारी द्रव्याचे सूक्ष्म थेंब स्रवतात, त्यांच्या स्पर्शाने लाकडातील सूत्रकृमी लुळे पडतात आणि मग तंतू त्यांच्या शरीरात शिरून ते पचवतात. शाकाहारी म्हणून आवडीने खाल्ले जाणारे हे अळंबे स्वतः मात्र काटेकोरपणे शाकाहारी नाही.

कवकांच्या वाढीस पाणी अत्यावश्यक असते. लाकडातील ओल त्याच्या शुष्क वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर ते सहसा कुजत नाही. पूर्णपणे पाण्याखाली बुडालेले लाकूडही ऑक्सिजनाच्या अभावी दीर्घकाळ टिकते. खांब नेमका जमिनीलगत सडतो तो यामुळे. तेथे पाणी व हवा दोन्ही मिळतात. वृक्षांच्या जातीप्रमाणेही फरक पडतो. सागाच्या मध्यकाष्ठात कवकांना मारक अशी द्रव्ये असल्याने ते टिकाऊ असते, पण त्याच सागाचे रसकाष्ठ लवकर खराब होते. सावर व आंबा यांची लाकडे उघड्यावर फार काळ टिकत नाहीत.

एका ओंडक्यात एकच कवक नांदते असे नाही. काही कवके वृक्ष जिवंत असतानाच त्यात सुप्तावस्थेत असतात व तो मरताच प्रथम हात मारतात. इतर मागून येऊन त्यांना हुसकावतात. शेजारील कवकजालांच्या सरहद्दीवर काळ्या नागमोडी रेषा तयार होतात व कापलेल्या फळीवर त्या नकाशासारख्या दिसतात. अशा फळ्यांना शोभिवंत कातकामात मागणी असते. क्लोरोसिबोरिया या धानीकवकाने हिरवट निळे झालेले लाकूड पंधराव्या शतकापासून इटलीतील कारागिरांनी लाकडी जडावकामात वापरले.

काही उल्लेखनीय प्रकार : शिझोफायलम कम्यून हे बहुधा जगातील सर्वांत विस्तृत प्रसार असलेले अळंबे असून ते अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत आढळते. भारतात आंब्याच्या वाळक्या फांद्यांपासून पडक्या कुंपणापर्यंत ते कोठेही दिसते. पंख्यासारखे, १ ते ४ सेंमी. रुंद, वरून करडे-पांढरे व लवदार असे हे अळंबे देठाविना चिकटलेले असते. त्याच्या पाळ्या कडेला दुभंगलेल्या असतात. कोरड्या हवेत त्या वळून बीजुकांचा थर झाकतात आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडतात. ए. एच. आर. बुलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात नळ्यांत बंद करून ठेवलेले याचे वाळके फलकाय सु. पन्नास वर्षांनी ओले केल्यावर जिवंत असल्याचे आढळून आले. या जातीत दोन लिंगांऐवजी वीस हजारांहून अधिक मीलन-प्रकार आहेत. त्यामुळे भेटलेल्या जवळजवळ कोणत्याही परक्या कवकजालाशी संयोग शक्य होतो. मणिपूरमध्ये ‘कांगलायेन’ या नावाने ते खाल्ले जाते. अनेक ठिकाणी मात्र त्याच्या चिवटपणामुळे ते खाल्ले जात नाही.

आर्मिलेरिया प्रजातीतील जाती मृत लाकडावर तर राहतातच, पण बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्या जमिनीतून पसरवून जिवंत वृक्षांच्या मुळांतही शिरतात. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील मॅल्यूर राष्ट्रीय वनात आर्मिलेरिया ऑस्टोयी या जातीचे एकच कवकजाल सु. ९६५ हेक्टर क्षेत्रावर पसरलेले आढळले असून त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक असावे, असा अंदाज आहे. क्षेत्राच्या दृष्टीने हा ज्ञात सजीवांपैकी सर्वांत मोठ्यांत गणला जातो.

काही काष्ठोपजीवी कवके अंधारात मंद हिरवट प्रकाश देतात. आर्मिलेरियात केवळ कवकजाल चमकते, तर मायसेना प्रजातीच्या काही जातींत अळंबेही चमकते. सह्याद्रीत भीमाशंकरच्या अरण्यात पावसाळ्याच्या काळोख्या रात्री कुजक्या काटक्या व पालापाचोळा उजळलेला दिसतो, तो मुख्यतः मायसेना प्रजातीच्या कवकांमुळे. चमकणाऱ्या लाकडाचा उल्लेख ॲरिस्टॉटल यांनी केला आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७५ मध्ये बांधलेल्या ‘टर्टल’ या पाणबुडीत दिवा लावल्यास आतील हवा संपली असती. म्हणून होकायंत्राचा काटा दिसण्यासाठी असे लाकूड वापरण्यात आले. या प्रकाशास कारणीभूत असलेले मूळ रासायनिक द्रव्य ओळखण्यास २०१५ साल उजाडले. प्रकाशाकडे आकर्षित झालेले कीटक बीजुके पसरवितात, असे काही प्रयोगांवरून सुचविले गेले असले, तरी सर्व जातींना ते लागू पडत नाही.

वारुळावरील अळंबी : पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आरंभी मोठ्या आवडीने खाल्ली जाणारी, जमिनीतून लांब मुळासारख्या देठावर उगवणारी अळंबी (गोव्यात अळमी) टर्मिटोमायसीस या प्रजातीची असतात. हे नाव फ्रेंच कवकवैज्ञानिक रॉझे हाइम यांनी १९४२ मध्ये दिले. लाकडाशी त्यांचा संबंध वाळवीच्या द्वारे येतो. ओडोंटोटर्मीससारख्या वाळवीचे कामकरी कीटक मृत लाकूड व पाचोळा खाऊन वारुळात विष्ठेचे स्पंजासारखे पोळे रचतात. त्यावर हे कवक वाढते, लिग्निन मोडते व त्यातील पोषक गाठी वाळवी खाते. वाळवीने वारूळ सोडले, की कवक टिकत नाही. त्यामुळे या अळंब्यांची स्वतंत्र लागवड व्यापारी प्रमाणावर साध्य झालेली नाही व बाजारात येणारा सर्व माल रानातूनच येतो. भाव अधिक मिळतो म्हणून टोपी उघडण्यापूर्वीच ती उपटली जातात व मग त्यांची बीजुके पसरत नाहीत. वारूळ खणून काढल्यास तर वसाहतच नष्ट होते.

लागवड : मनुष्याने प्रथम लागवडीखाली आणलेली अळंबी लाकडावरचीच होत. चीनमध्ये ऑरिक्युलेरिया (कानासारखे, लिबलिबीत अळंबे) सु. इ. स. ६०० पासून व शिताके (लेंटिन्युला एडोडीस) त्यानंतर ओंडक्यांवर वाढविली जात. १३१३ मध्ये वांग झेन यांनी लिहिलेल्या कृषिग्रंथात शिताकेसाठी ओंडक्यावर कुऱ्हाडीने घाव घालून तो सावलीत ठेवण्याची रीत सांगितली आहे. बीजुके आपोआप येऊन पडण्यावर ही रीत अवलंबून होती. शुद्ध कवकजाल रुजविलेल्या लाकडी खुंट्या ओंडक्यात ठोकण्याची पद्धत जपानमध्ये १९४० नंतरच्या दशकात रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडच्या तारानाकी भागात जंगलतोडीनंतर पडून राहिलेल्या ओंडक्यांवरील ऑरिक्युलेरिया गोळा करून चीनला पाठविण्याचा मोठा व्यापार चाले; डोक्यावर कर्ज असलेल्या अनेक नवागत शेतकऱ्यांना त्या रोकड पैशाने तारले.

धिंगरीची लागवड जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात खुंटांवर सुरू झाली. भारतात म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेत बानो व श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर ती वाढवून दाखविली. पेंढा, गव्हाचे काड, उसाचे चिपाड अशा शेतातील टाकाऊ पदार्थांवर सामान्य तापमानात येत असल्याने महाराष्ट्रातही हा जोडधंदा पसरला आहे.

विषारी अळंबी : ‘जमिनीवरची अळंबी धोक्याची, पण लाकडावरची निर्धास्त खावी’ अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ती चुकीची असून प्राणघातक ठरू शकते. गॅलेरिना मार्जिनेटा हे कुजक्या लाकडावरचे लहानसे पिवळट तपकिरी अळंबे खाद्य जातींसारखे दिसते. परंतु त्यात ॲमॅनिटा प्रजातीतील सर्वांत घातक अळंब्यांत असणारी ॲमॅटॉक्सिने असतात. ही विषे शिजविल्याने, वाळविल्याने वा उकळलेले पाणी टाकून दिल्याने नष्ट होत नाहीत. खाल्ल्यानंतर सामान्यतः ६ ते २४ तास काहीच त्रास होत नाही. मग जोराच्या उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढे एखादा दिवस रोगी बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्याच अवधीत यकृताचा नाश होत असतो. ही फसवी विश्रांती रुग्णालयात जाण्यास उशीर होण्याचे एक प्रमुख कारण ठरते. लाकडावर वाढणारी व मंद चमकणारी ऑम्फॅलोटस प्रजातीची अळंबीही विषारी असून ती तीव्र वांत्या घडवितात.

याहून विचारात पाडणारे उदाहरण जपानचे आहे. सुगी वृक्षांच्या खुंटांवर येणारे प्लूरोसिबेला पोरिजेन्स हे पांढरे शुभ्र अळंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जात होते. २००४ च्या शरद ऋतूत ते खाल्ल्यानंतर ५९ व्यक्तींना मेंदूचा विकार जडला व त्यांतील १७ दगावल्या. बाधितांपैकी बऱ्याच जणांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. तेव्हा दीर्घ परंपरा ही देखील सर्वांसाठी व सर्व काळ सुरक्षिततेची हमी ठरत नाही.

चांदीचे नाणे काळे पडणे, शिजविताना लसूण वा तांदळाचा रंग बदलणे, किडी-गोगलगायींनी अळंबे कुरतडलेले असणे, या लोकप्रिय कसोट्यांना शास्त्रीय आधार मुळीच नाही. ॲमॅटॉक्सिनांमुळे चांदी काळी पडत नाही आणि गोगलगायींना ती बाधत नाहीत. रंग, वास व चव यांवरूनही विषारीपणा ठरत नाही. जातीची नेमकी ओळख हा एकच मार्ग आहे व ती बहुधा बीजुकांचा रंग, सूक्ष्मदर्शकाखालील रचना इत्यादींवरून पटते. विषबाधेची शंका आल्यास रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे व शिल्लक अळंबे किंवा ओकारीचा नमुना बरोबर द्यावा. लक्षणे ओसरली म्हणून थांबू नये.

औषधी व इतर उपयोग : आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवी देहाजवळ दोन प्रकारची काष्ठोपजीवी कवके होती : ठिणगी धरून ठेवण्यासाठी वापरले जाणारे फोमीस फोमेंटेरियस आणि भूर्ज वृक्षावरील एका छिद्रकवकाचे कातडी वादीत ओवलेले दोन तुकडे, हे दुसरे बहुधा औषधी असावे. फणसांबा (फेलिनस व त्याच्या जवळच्या प्रजाती) पाण्यात उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावण्याची व जुलाबांवर देण्याची रीत सह्याद्रीच्या परिसरात आहे. नावात फणस असला, तरी या कवकांच्या अनेक जाती इतर वृक्षांवरही येतात. चीन व जपानमध्ये गॅनोडर्माला दीर्घायुष्याचे प्रतीक मानतात. ट्रॅमेटीसपासून काढलेले एक बहुशर्करायुक्त द्रव्य जपानमध्ये कर्करोगावरील इतर उपचारांना पूरक म्हणून वापरले गेले. तथापि या अळंब्यांच्या नावे बाजारात विकल्या जाणाऱ्या चूर्णांविषयीचे बहुतेक दावे पुराव्याच्या कितीतरी पुढे गेलेले आहेत.

हानी व प्रतिबंध : सर्पुला लॅक्रिमन्स हे यूरोपातील इमारतींचे लाकूड पोखरणारे कुप्रसिद्ध कवक रानटी अवस्थेत हिमालयात आढळते. ते दोऱ्यांसारख्या तंतुगुच्छांतून पाणी वाहून नेत असल्याने विटांच्या भिंती ओलांडून कोरड्या लाकडापर्यंत पोहोचते. गॅनोडर्माच्या काही जाती नारळ व पोफळीच्या मुळांना कुजवतात; वाळत चाललेल्या झाडाच्या बुंध्याशी त्यांचा तकतकीत फलकाय दिसेपर्यंत रोग सहसा हाताबाहेर गेलेला असतो.

दाबाखाली क्रिओसोट लाकडात भिनविण्याच्या कृतीचे एकस्व १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी घेतले व रेल्वेच्या स्लीपरांना त्यामुळे दीर्घायुष्य लाभले. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे पाण्यात विरघळणारे, पण लाकडात पक्के बसणारे मिश्रण १९३३ मध्ये डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी तयार केले. ‘ॲस्क्यू’ या नावाने ते जगभर पसरले. आर्सेनिकाच्या धोक्यामुळे पुढे अनेक देशांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी त्यावर निर्बंध घातले. या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे छप्पर गळू न देणे व लाकडाचा जमिनीशी थेट संबंध टाळणे.

वनातील स्थान : काष्ठोपजीवी कवकांवाचून अरण्यातील पडझड साचून राहिली असती व तिच्यात अडकलेली पोषक द्रव्ये नव्या रोपांना लाभली नसती. मृत लाकडावर पोसणारे भुंगेरे व त्यांच्या अळ्या यांना कवकांनी मऊ केलेले लाकूडच खाता येते; सुतार व तांबट हे पक्षी घरट्याचे बीळ कोरण्यासाठी बहुधा असेच कुजू लागलेले खोड निवडतात. धनेशांना स्वतः ढोली कोरता येत नाही. मोठ्या वृक्षाच्या मध्यकाष्ठात वर्षानुवर्षे चाललेल्या कुजण्याने तयार झालेल्या ढोलीतच मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबविते. वनव्यवस्थापनात पोकळ व वठलेले वृक्ष ‘निरुपयोगी’ म्हणून तोडण्याची प्रथा दीर्घकाळ होती. तिचा परिणाम कोकणातील धनेशांच्या विणीच्या जागांवरही झाला आहे. काही देवरायांत श्रद्धेमुळे पडलेले लाकूडही उचलले जात नाही, म्हणून तेथे काष्ठोपजीवी कवकांचे वैविध्य चांगले टिकून आहे.

भारतातील अभ्यास : बंगालमधील छिद्रकवकांचा पद्धतशीर अभ्यास सहाय राम बोस यांनी १९१८ च्या सुमारास सुरू केला. डेहराडून येथे कृष्णदास बागची यांनी साल, देवदार इ. वृक्षांच्या काष्ठकुजीवर दीर्घकाळ संशोधन केले. पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या (आताच्या आघारकर संशोधन संस्थेच्या) कवकविभागाने राज्यातील कवकांचा संग्रह केला व १९८७ मध्ये ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ हा संकलनग्रंथ प्रसिद्ध केला. या संस्थेत जतन केलेले वाळवलेले नमुने व जिवंत संवर्धने आजही जाती ओळखण्यासाठी आधारभूत मानली जातात. जनुकीय तपासणीची जोड मिळाल्यापासून एकाच नावाखाली नोंदलेले अनेक नमुने भिन्न जातींचे असल्याचे दिसून आले आहे; गॅनोडर्मा ल्युसिडम या यूरोपीय नावाने भारतात नोंदलेल्या कित्येक नमुन्यांची त्यामुळे फेरतपासणी करावी लागत आहे.